वयनी, तू भांडी फेकली नव्हतीस

प्रिय वयनी,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन अडलं. तू होतीस तोवर चौदा वर्षं तुला धड हाक मारली नाही, आणि आता प्रिय! पण वैशाली म्हणते पत्राची सुरुवात अशीच करतात. दुसरं काय म्हणू? मी तुला जे म्हणत होते ते आता तोंडात घ्यायची लाज वाटते.

तुला जाऊन चार महिने झाले. मी दहाव्याला आले नाही, तेराव्याला आले नाही. बेलवली काय परदेशात आहे? अंबरनाथ सोडलं की पुढचं स्टेशन बदलापूर, आणि बदलापुरातच आपली बेलवली. आज शुक्रवार, कारखान्याला सुट्टी. जेवणं उरकली, वैशालीच्या वहीची मागची पानं फाडून घेतली आणि दाराशी उजेडाला बसले. पुढच्या आठवड्यात गौरी येतात. त्याच्या आत तुझ्याशी बोलले नाही तर परत धीर व्हायचा नाही.

मला लिहिता येतं हे तुला कुठे माहीत! आमच्या चाळीत साक्षरतेचा वर्ग निघाला होता. मी म्हटलं, जाऊन तर बघू, फुकट पाटी मिळते. आता सही करते, बसची पाटी वाचते, हळूहळू का होईना चार ओळी लिहिते. काना-मात्रा चुकली तर हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा. तुझं हसू मी फार बघितलं नाही.

हे सगळं उकरून काढलं ते तुझ्या पुतणीनं. वैशाली नववीत आहे. त्यांच्या इतिहासाच्या बाईंनी एक खूळ काढलं. राजा कोण, लढाई कुठली, ते नाही. म्हणे आपल्याच घरातला एक मोठा प्रसंग घ्या आणि इतिहासासारखा लिहा. जो सांगतो त्याला विचारा, तू स्वतः बघितलंस का? आधी काय झालं, मग काय झालं? कागद आहे का? वस्तू आहे का? दुसरं माणूस काय म्हणतं? आणि सगळ्यात शेवटी, अशी गोष्ट सांगून सांगणाऱ्याचा फायदा काय?

मी म्हटलं, “कसला फायदा? घरची गोष्ट सांगायला काय पैसे मिळतात?”

वैशाली म्हणाली, “तू सांग ना आई, तुझी ती बेलवलीची गोष्ट. तुला पाठच आहे.”

पाठच होती. नळावर सांगितली, शेजारणींना सांगितली, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापता कापता दहा बायकांना सांगितली. तुला पण ऐकवते, बघ कशी सांगायचे ते. गौरी आणायचा दिवस. मी पाच महिन्यांची पोटुशी. थोरल्या जावेनं गुपचूप रेशनकार्डातून आमची दोन नावं कापून टाकली. सासूनं विचारलं तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, हो, मीच कापली. आणि माझी भांडी भर ओट्यावर फेकली. आजपासून तुझी चूल वेगळी! असली घरफोडी बाई. एवढं झालं की बायका च् च् करायच्या. आमची शेठाणी सिंधी, ती पण म्हणायची, “हाय रे, पेट से थी और निकाल दिया!” मला बरं वाटायचं. खरं सांगते, फार बरं वाटायचं.

वैशालीनं सगळं वहीत उतरवलं. मग पेन तोंडात धरून म्हणाली, “भांडी फेकली म्हणजे किती लांब?”

“मेले, मी काय टेप लावून मोजायला गेले होते?”

“कुठली भांडी?”

“ही काय, ही परात, तो टोप, तांब्या. ह्यांच्यावरच संसार मांडला मी.”

तिनं परात उचलली. उलटी केली, सुलटी केली. “पितळ आहे. दगडी ओट्यावर फेकली तर चेपायला पाहिजे. कुठेच चेपली नाही.”

“जोरात नसेल फेकली.”

“मग ठेवली म्हण ना.”

मी एक धपाटा घालणार होते. तेवढ्यात ती परात घेऊन खिडकीशी गेली, उजेडात तिरकी धरली आणि बोट फिरवत वाचायला लागली. काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं आहेत वयनी. राखेनं घासून घासून पुसट झालेली. चौदा वर्षं मी त्या परातीत पीठ मळते. पहिली कित्येक वर्षं मला अक्षर येत नव्हतं, आणि आल्यावर परात कोण वाचतं? वैशालीनं वाचलं: ‘चि. सौ. कां. यमुना हिस मामाकडून भेट.’

“आई, यमुना कोण?”

घरात यमुना एकच होती.

टोपावर तेच. तांब्यावर तुझ्या वडलांकडून. म्हणजे माझी म्हणून जी भांडी मी चौदा वर्षं मिरवली, ती माझी नव्हतीच. तुझ्या माहेरची होती. जी बाई हाकलते ती स्वतःच्या माहेरची भांडी देऊन हाकलते का ग?

मी वैशालीला म्हटलं, “घाईत बदलली असतील. लिही, घाईत बदलली.” तिनं लिहिलं नाही.

दोन दिवसांनी पोरगी परत माझ्यापुढे येऊन बसली. कागदावर एक लांब रेघ मारली होती आणि तिच्यावर खुणा. म्हणाली, “आई, तू मला आणखी एक गोष्ट सांगतेस. दाल-पकवानाची. ती कधीची?”

ती माझी आवडती गोष्ट. तीही तुला माहीत नसेल. लग्नाला वर्ष होत आलं होतं, मे महिना होता, आणि ह्यांनी मला उल्हासनगरला नेलं होतं. सिंध्याच्या गाडीवर दाल-पकवान खाल्लं, पहिल्यांदा. एवढं मोठं कुरकुरीत पकवान, वर डाळ, वर कांदा. ह्यांनी चिडवलं होतं, “अंगठा बघ जांभळा झालाय, डाळीबरोबर शाई पण खाशील.” आम्ही दोघं इतके हसलो होतो! तशी हौस ह्यांनी परत कधी केली नाही, म्हणून ती गोष्ट मी जपून ठेवली होती.

“तू उल्हासनगरला कशाला गेली होतीस?” वैशालीनं विचारलं.

“फिरायला.”

“पप्पा तुला कधी फिरायला नेतात?”

“नेलं होतं तेव्हा.”

“आणि अंगठा जांभळा कशानं झाला?”

वयनी, काय सांगू? त्या एका प्रश्नासरशी सगळं डोळ्यासमोर आलं. आधी रांग होती. रेशन ऑफिसची रांग. पंखा नुसता घरघरत होता. टेबलावर जांभळ्या शाईचा डबा होता, आणि साहेब म्हणाला, “बाई, इथे.” ह्यांनी सही केली. खाली मी अंगठा दाबला. पुसायला काही नव्हतं, तर साडीच्या आतल्या पदराला पुसला. मग पकवान.

नावं आम्हीच कापून घेतली होती. मी माझ्या अंगठ्यानं.

आणि का नाही घेणार? मीच ह्यांच्या मागे लागले होते. मला तुमच्या घरातलं काहीच सोसत नव्हतं. सुनांनी शेवटी जेवायचं, भाकरी थापताना सासूनं जाडी बघायची, चहात साखर विचारून घालायची. रोज उठून एकच, “मला माझी चूल मांडून द्या. अंबरनाथला कंपनीजवळ खोली घ्या.” हे विसरले कशी मी? पकवानाची चव राहिली ध्यानात, वरची डाळ राहिली, आणि रांग तेवढी गेली! सोयीची तेवढी आठवण ठेवायची, बाकीची घासून पुसट करायची. परातीवरच्या अक्षरांसारखी.

वैशालीनं ट्रंकेतून आमचं जुनं रेशनकार्ड काढलं. शिक्का मे महिन्याचा. गौरी भाद्रपदात. तिनं रेघेवर दोन खुणा केल्या आणि माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे कामावरून आले. मी चहा पण दिला नाही. “वयनीला माहीत होतं का, नावं आपण कापली ते?”

हे बूट काढता काढता थांबले. “माहीत म्हणजे? कार्ड तिच्याच पेटीत असायचं. तिनंच काढून दिलं. दादाची सही तिनंच आणली.”

“आणि तुम्ही इतकी वर्षं ऐकून घेतलंत? मी तिला काय काय बोलले!”

“तुझ्यापुढे कोण बोलेल? पहिल्यांदा बोलायला गेलो तर तू लाटणं आपटलंस. मग राहिलं ते राहिलं.” मग हळूच म्हणाले, “आणि आईला सांगायची माझी पण छाती नव्हती.”

मेला हा पुरुष! पण ह्यांना तरी काय बोलू? त्या दिवशी ओट्यावर हे गप्प होते, तशी मी पण गप्पच होते की.

तरी वयनी, माझा हट्ट बघ. मी वैशालीला म्हटलं, कागद झाला, वस्तू झाली, तुझ्या बाईंना दुसरं माणूस पाहिजे ना? चल. मागच्या रविवारी आम्ही दोघी बेलवलीला आलो. मनात अजून होतं की दादा काहीतरी सांगतील आणि मी थोडी तरी सुटेन.

दार तुझ्या चंदानं उघडलं. एकवीस वर्षांची झाली, हुबेहूब तू. आत गेली, पाणी आणलं, आणि तांब्या हातात न देता खाली ठेवला. बरोबर केलं तिनं.

तू गेल्यापासून दादा फार थकलेत ग. पाटावर बसून मखराच्या काड्या तासत होते; वर्ष सरलं नसलं तरी तुझी गौर मोडायची नाही म्हणाले. मी म्हटलं, “दादा, त्या गौरीला वयनीनं माझी भांडी फेकली होती ना?”

“फेकली? अगं, तिनं ती चार दिवस आधी चिंच लावून घासली, गोणपाटात बांधून ठेवली. तुमची खोली गणपतीनंतर मिळणार होती ना? मी म्हटलं, घरातली दे की दोन. तर म्हणाली, घरातल्यावर आईचं नाव आहे, उद्या आई म्हणेल माझी भांडी चोरली. माझ्या मामाची देते, कोणी बोलायला नको.”

मग त्यांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं. मी तिथेच होते, तरी पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. रेशन नेहमी तू आणायचीस, म्हणून तीन महिने कोणाला कळलं नाही. त्या दिवशी तू पुरणाला बसलीस आणि सणाची साखर आणायला सासू स्वतः कार्ड घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, आजी, दोन माणसं कमी झाली तुमची. झालं! सासू तशीच तणतणत ओट्यावर आली. खाली बायका गौरीला ओवाळायला उभ्या. सासूनं हातातली पिशवी आपटली.

“कोनी कापली नावं? माझं घर कोनी फोडलं? गौरीच्या म्होरं सांगते, जिनं फोडलं तिची कूस...”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तू पुढे झालीस.

“मी. मीच कापली. मना नको ही माझ्या चुलीवं.”

हे मला आठवतं वयनी. अगदी शब्द न् शब्द आठवतो. तू माझ्याकडे बघितलंस तेही आठवतं. मी ते बघणं रागाचं समजले. आतून ते गोणपाट आणून माझ्यापुढे ठेवलंस, ते फेकलं समजले. दादा म्हणाले, “मी तिला नंतर विचारलं, असं का केलंस? तर म्हणाली, धाकटी पोटुशी आहे. गौरीसमोरचा शाप तिला नको. माझी चंदा झालीय, मला काय होतंय.”

वैशालीची वही मांडीवर उघडी होती. तिनं लिहिणं थांबवलं. म्हणाली, “पोटात मी होते ना?”

मी मान हलवली. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. चंदाकडे तर नाहीच.

आणि मी काय केलं? ऐक, सगळं सांगते, लपवायचं आता उरलंय काय.

वैशालीच्या बारशाला तू कुंची शिवून पाठवलीस, हिरव्या खणाची, कडेला मोती. मी ती आलेल्या माणसाच्या हातीच परत धाडली.

दोन वर्षांनी तुझं सातव्या महिन्यात गेलं. मुलगा होता म्हणे. मी नळावर उभी राहून म्हटलं, “गौरीनं दाखवलं. केलं ते फेडलं.” वयनी, तो शाप माझा होता. तू तो अंगावर घेतलास, आणि मी तुला तोच ऐकवला. शाप-बिप खरा असतो का, मला नाही माहीत. वैशाली म्हणते त्याचा पुरावा नाही. पण मी जे बोलले त्याला दहा बायका साक्षीदार आहेत.

सासू मरेपर्यंत तुझ्या तोंडावर तुला घरफोडी म्हणाली. तिचं हगणं-मुतणं तू काढलंस. आणि मी वर्षातून एकदा यायचे, लांबून पाया पडायचे, तर माझी ओटी भरायची, “माझी बिचारी धाकटी” म्हणायची. मी ओटी भरून घ्यायचे!

आणि गेल्या वर्षी वांगणीची ती बाई माझ्याकडे आली. चंदासाठी तिच्या मुलाच्या स्थळाचं बोलणं चाललं होतं. सहज म्हणून विचारलं, “तुमच्याच घरातली मुलगी, कशी आहेत माणसं?” मी तिला चहा पाजला आणि तीच गोष्ट सांगितली. वर म्हटलं, “बघा बाई, खाण तशी माती.” त्यांनी परत निरोप दिला नाही. चंदाला कळलं असणार कोण बोललं. तुलाही.

तरी शेवटी तू दवाखान्यातून निरोप धाडलास, “धाकटीला म्हणावं एकदा येऊन जा.” मी म्हटलं, सुट्टी नाही. शुक्रवार होता वयनी. आजच्यासारखाच. कारखाना बंद होता.

काय सांगणार होतीस? का काहीच नाही, नुसतं बघणार होतीस? हे आता कोणाला विचारू? दादांना माहीत नाही. कागद नाही, वस्तू नाही. बाईंच्या इतिहासाला सुद्धा ते सापडायचं नाही.

पण तुला पण एक विचारते, रागावू नकोस. तू बोलली का नाहीस? सासू गेल्यावर तरी! एकदा अंबरनाथला येऊन माझ्या दारात उभं राहायचं, चार शिव्या घालायच्या, परात मागायची. मी भांडले असते, पण ऐकलं असतं. नसतं ऐकलं? खरंय. नसतंच ऐकलं.

वैशालीच्या बाईंचा शेवटचा प्रश्न राहिलाय. सांगणाऱ्याचा फायदा काय? पोरीनं ती ओळ कोरी ठेवलीय, म्हणाली, “हे तू सांग.” मी आठ दिवस विचार करतेय. फायदा हा, की मी घर सोडून आले असं कोणी म्हणालं नाही. मला हाकललं म्हणाले. सोडून येणाऱ्या बाईला नावं ठेवतात, हाकललेल्या बाईला चहा देतात. तुझ्या नावावर मी चौदा वर्षं चहा प्यायले वयनी.

माफ कर म्हणणार नाही. माफी मागायला समोर माणूस लागतं, आणि समोर माणूस होतं तेव्हा मला सुट्टी नव्हती. पण शब्द देते. उद्या शनिवार, शेठाणीला सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेते आणि आधी वांगणीला जाते. त्या बाईला सांगते की मी खोटं बोलले. तिच्या मुलाचं अजून जमलेलं नाही म्हणतात. जमलं असेल तरी सांगते. आणि गौरी आणायच्या दिवशी बेलवलीला येते. परात, टोप, तांब्या चिंच लावून घासून आणते. खाली बायका ओवाळायला उभ्या असतील, तेव्हा त्याच ओट्यावर उभी राहून सगळ्यांच्या देखत सांगते, नावं ह्या चंदाच्या आईनं नाही कापली, मी कापून घेतली. मग भांडी चंदाच्या पुढे ठेवते. ठेवते हां, फेकत नाही. तिनं घेतली नाहीत तर तिथेच ओट्यावर ठेवून येते. तिनं मला काय म्हणायचं ते म्हणू दे, मी मध्ये बोलणार नाही. चौदा वर्षांपूर्वी गप्प राहायला जमलं होतं, चुकीच्या वेळी. आता बरोबर वेळी जमवते.

ती कोरी ओळ मी भरली. माझ्या हातानं. चुका आहेत, पण वैशालीनं दुरुस्त केल्या नाहीत. तिची वही सोमवारी वर्गात वाचणार आहेत. वाचू देत.

पत्राखाली सही करायची असते. मला आता छान सही येते, पण इथे ती नको. हे पत्र पेटीत टाकायचं नाही, पण पोस्टात शाईचं पॅड असतं, तिथे जाऊन ते मागते आणि अंगठाच लावते. सही नवीन आहे, तिला काही माहीत नाही. अंगठा तोच आहे.

तुझी धाकटी,
सुमन
(अंगठा डाव्या हाताचा)